पानामागची लव

आमच्या घरात त्या दिवसांत बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू पुसली जायची. दुधाची बाटली, ब्रेडची पिशवी, सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून आलेला तांदळाच्या पिठाचा पुडा, सुक्या बोंबलांचं पाकीट, सगळं आधी गराजमधल्या प्लास्टिकच्या टेबलावर जायचं आणि तिथे जंतुनाशक वाइप्सचा डबा घेऊन मी उभी असायची. मम्मी एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासात, नर्स होती. तिच्याकडच्या एका मजल्यावर साथ शिरली होती आणि तिथलं ती घरी काही सांगत नसे. शिफ्टवरून आली की गराजमध्येच कपडे बदलायची, मागच्या दाराने थेट बाथरूममध्ये जायची आणि अर्ध्या तासाने ओल्या केसांनी स्वयंपाकघरात येऊन विचारायची, "पुसलंस सगळं?" मी म्हणायचे, "यप." दिवसभरातलं आमचं बोलणं बहुधा तेवढंच असे.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. ती वसईहून तीन महिन्यांसाठी म्हणून क्वेकर्स हिलला आमच्याकडे आली आणि आठवडाभरात विमानं बंद झाली. मी सांगते आहे त्या हिवाळ्यात तिला येऊन सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. पप्पा तिचा व्हिसा वाढवून घेत होते आणि तिची बॅग माझ्या खोलीत कपाटाशेजारी अर्धी भरलेली उभी होती. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं. येताना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन आली होती, परत गेल्यावर ऑपरेशन करू म्हणून. आता परतही जाता येत नव्हतं आणि तातडीची नसलेली ऑपरेशनं इथेही पुढे ढकलली होती. चहाच्या कपाचा कान तिला चाचपून शोधावा लागे. कोणी कप जागचा हलवला तर ती चिडत नसे, एवढंच म्हणे, "कप फिरायला गेला वाटतं."

आमच्या आजोबांची वसईला सोनचाफ्याची वाडी होती. लहानपणी आत्या पहाटे कळ्या तोडून, त्या केळीच्या पानात बांधून मग शाळेत जायची. कोवळी कळी लवेच्या टोपीत असते. तयार कळीची टोपी गळून गेलेली असते आणि ती ओठाला गार, गुळगुळीत लागते. उजाडायच्या आधी हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून वाडीतल्या बायका शंका आली की कळी वरच्या ओठाला लावून पाहायच्या. बोटांना कामाने घट्टे पडतात, ओठाला पडत नाहीत, असं आत्या सांगायची. पुढे ती शिकली, भिंगं आणि मायक्रोस्कोप वापरू लागली, पण ही सवय राहिली. पान हातात आलं की ते उलटं करून ती वरच्या ओठावरून हळूच फिरवायची, एखाद्याने मिशी पुसावी तसं.

सोनचाफा मॅग्नोलियाच्या घराण्यातला. त्या घराण्याचा नाद आत्याला लागला तो वाडीतून, पण तिचं सगळं काम दक्षिण अमेरिकेतल्या जातींवर होतं, आणि त्या देशांत ती कधी गेली नव्हती. आमच्या समोरच्या घरापुढे एक मॅग्नोलिया होता, इथे कितीतरी घरांपुढे असतो, वरून चकचकीत हिरवा आणि पानामागे गंजलेल्या पत्र्यासारखा तपकिरी. आत्या त्याच्याकडे पाहायचीही नाही. "हा उत्तर अमेरिकेचा. आपला नव्हे." आपले म्हणजे कोलंबियाचे, इक्वाडोरचे, ब्राझीलचे. त्यांतले कितीतरी डोंगरउतारावरच्या ढगाळ जंगलात वाढतात, काही जातींची तर मोजकीच झाडं उरली आहेत, आणि पाहणाऱ्याला सगळी सारखीच दिसतात: मोठं चामड्यासारखं पान, जाड पाकळ्यांचं पांढरं फूल, लाकडासारखं कठीण फळ. कोलंबियातल्या एका तरुण सहकारी बाईबरोबर आत्या या जातींचा ओळखतक्ता करत होती. ओळखतक्ता म्हणजे जोडीजोडीने विचारलेले प्रश्न. हे आहे का ते? हे असेल तर पुढचा प्रश्न, ते असेल तर दुसरा, असं करत शेवटी एक नाव उरतं. जंगलखात्यातल्या साध्या माणसालाही समोरचं झाड तोडण्याआधी ओळखता यावं, एवढाच त्या तक्त्याचा हेतू होता.

मी तेव्हा अकरावीत होते आणि शाळा लॅपटॉपवर भरत होती. आत्या दारात येऊन उभी राहायची. मी म्हणायचे, "आत्या, आय ॲम इन क्लास." ती म्हणायची, "कॅमेरा बंद आहे ना? मग देठ मोज." तिच्या डोळ्यांचं काम असं माझ्याकडे आलं. पडद्यावर कोलंबियाहून आलेले फोटो मोठे करून मी सांगायचे आणि ती लिहून घ्यायला लावायची, मराठीत, एका शाळकरी वहीत. मला मराठी वाचता यायचं पण लिहिताना मी अडखळायचे. देठ, शीर, वण, लव हे शब्द मी आधी लिहायला शिकले आणि प्रेम, राग, आठवण हे नंतर. आज मी हे प्रकरण ज्या भाषेत लिहिते आहे ती त्या वहीतून आलेली आहे, म्हणून ती थोडी मोजमाप केल्यासारखी वाटली तर वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.

पहिला प्रश्न देठाचा असे. मॅग्नोलियाच्या प्रत्येक कोवळ्या कोंबावर एक टोपण असतं, उपपर्णांचं. ते गळतं तेव्हा फांदीवर बांगडीसारखा वण राहतो, तो सगळ्यांनाच. पण दक्षिणेकडच्या एका मोठ्या गटात हे टोपण देठालाही चिकटलेलं असतं, त्यामुळे देठाच्या वरच्या बाजूलाही लांबट वण उरतो. दुसऱ्या गटात देठ कोरा असतो. एवढं पाहिलं की निम्म्या जाती बाजूला होतात. मग शिरांच्या जोड्या किती, पानाचं टोक कसं, फुलाखालच्या देठावर किती वळी, फळात किती कप्पे, आणि ते कप्पे एकेक उघडतात की ढलप्यांसारखे गळून पडतात. एका जातीच्या फुलाला पपईचा वास येतो आणि तिचं नावही त्यावरूनच ठेवलं आहे. आत्या म्हणाली, "नाव ठेवणाऱ्याला भूक लागली असेल." मी हसले. रोज अकरा वाजता टीव्हीवर त्या दिवसाचे आकडे सांगायचे आणि पप्पा बैठकीच्या खोलीत आवाज वाढवायचे. आम्ही आमच्या खोलीत दार लावून शिरा मोजत असू. संध्याकाळी वसईतली सगळी नातेवाईक मंडळी फोनवर एकत्र रोझरी म्हणत, त्यात अधूनमधून कोणाचं तरी नाव नव्याने मृतांसाठीच्या प्रार्थनेत येई. दुसऱ्या दिवशी पुन्हा देठ.

कॉलिन आमच्या आयुष्यात आला तो आत्याला आलेल्या एका ईमेलमधून. चौऱ्याऐंशी वर्षांचा एकटा माणूस, सिडनीच्या उत्तरेला सहा तासांवर, किनाऱ्यामागच्या टेकड्यांत त्याची जागा होती. फार वर्षांपूर्वी मॅग्नोलियाप्रेमींच्या कुठल्या तरी मंडळाने त्याला बियांची पुडी पाठवली होती. पुडीवर फक्त 'कोलंबिया' एवढं वाचता येत होतं, पुढची शाई ओल लागून पसरली होती. तीन बियांतलं एक झाड वाढलं, घराहून उंच झालं. आता त्याची जागा विकली गेली होती. तो मुलीजवळच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होता आणि नव्या मालकाला नेमकी त्या झाडाच्या जागी यंत्रांची शेड बांधायची होती. तो माणूस वाईट नव्हता. त्याने कॉलिनला सांगितलं होतं, झाड खरंच दुर्मिळ असेल तर शेड बाजूला सरकवतो, पण शुक्रवारी सकाळी माणसं येतायत, त्याआधी काय ते सांग. फुलांचा हंगाम नव्हता आणि फुलं इतकी उंच लागत की कॉलिनने ती जवळून कधी पाहिलीच नव्हती. म्हणून त्याने पानं पाठवली, बुटांच्या एका खोक्यात, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून: पाच पानं आणि शेंड्याला पानाची बंद कळी असलेली एक लहान फांदी.

आत्याने तीस वर्षं वाळलेल्या पानांवर आणि चित्रांवर काढली होती. दक्षिण अमेरिकेतल्या मॅग्नोलियाचं ताजं पान तिच्या हातात येण्याची ही पहिलीच वेळ होती. खोकं येणार हे कळल्यापासून तिने दोनदा नखं कापली. आणि मला माहीत होतं की पान हातात आलं की ती ते ओठाला लावणार. मम्मीलाही माहीत होतं. शिफ्टला निघताना ती आत्याला म्हणाली, "ताई, ते पान तोंडाला लावू नका हां. कोणी हाताळलंय काय माहीत."

"लीना, कॉलिन एकटा राहतो. त्याला कोण साथ देणार, त्याची कुत्री?"

"पोस्टमन तरी आहे ना," मम्मी म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून तिने भुवया उंचावल्या. त्याचा अर्थ मला कळला. सोमवारी दुपारी खोकं आलं. मी गराजमध्ये ते उघडलं, पाचही पानं टेबलावर मांडली आणि एकेक वाइप घेऊन दोन्ही बाजूंनी पुसली. मागची बाजू जास्त घासून पुसली, कारण ओठाला तीच लागणार होती. वाइप्सवर पिवळसर, सोनेरी असं काही आलं. मला ती सहा तासांच्या प्रवासाची धूळ वाटली आणि आपण पुसलं ते बरंच झालं असं मी मनात म्हटलं. फांदी खडबडीत होती, ती आत्या ओठाला लावणार नाही म्हणून तशीच ठेवली.

आत्याने पानं घेतली तेव्हाचा तिचा चेहरा मला आजही वर्णन करता येत नाही, म्हणून करत नाही. तिने पहिलं पान नाकाशी धरलं आणि म्हणाली, "दवाखान्याचा वास येतोय." मी म्हणाले, "सगळ्यालाच येतो हल्ली." ती हसली. मग देठावर वण आहे ना ते विचारलं, आहे. शिरांच्या जोड्या मोजायला लावल्या. दोन तास आम्ही तक्त्याच्या जोड्या उतरत गेलो आणि शेवटी दोन जाती उरल्या. त्यांची लॅटिन नावं लांबलचक आहेत; घरात आम्ही त्यांना लवेची आणि बिनलवेची म्हणत होतो. बिनलवेची बऱ्याच खोऱ्यांत सापडते, बागांतही लावलेली आहे. लवेचीची थोडीच झाडं उरली आहेत, गायरानांत एकेकटी उभी. दोघींत फरक पानामागच्या लवेचा. आत्याने पान ओठावरून फिरवलं. मग दुसरं. पाचही पानं झाल्यावर तिने ती ओळीने मांडून ठेवली.

"कळी दे," ती म्हणाली. कळी तिने ओठाला लावली. "कळीला लव आहे. पण कळीला दोघींच्याही असते, कमीजास्त. ही जरा जास्तच आहे." पुन्हा पान लावलं. "कळी एक सांगते, पान दुसरं." मग म्हणाली, "तक्ता पानाचं ऐकतो. लिही, बाय: खालची बाजू गुळगुळीत."

मला त्या क्षणी कळलं. वाइपवरचा तो सोनेरी रंग डोळ्यांपुढे आला; ती धूळ नव्हती, लव होती. मी पेन हातात धरून बसले होते आणि आत्या वाट पाहत होती. मी लिहिलं: खालची बाजू गुळगुळीत. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं आहे. वही माझ्याकडे आहे.

मी का बोलले नाही याची कारणं मी पुढे आयुष्यभर बदलत आले. तेव्हाचं कारण साधं होतं. आत्याने तीस वर्षं ज्याची वाट पाहिली होती ते मी तिच्या हाती देण्याआधी घासून टाकलं होतं, आणि हे शब्द कुठल्याच भाषेत माझ्या तोंडून निघत नव्हते. मंगळवारी सकाळी तिने मला कॉलिनसाठी ईमेल सांगितलं: झाड सुंदर आहे, पण दुर्मिळ नाही, वाईट वाटतं. मी टाइप करून पाठवलं. कॉलिनचं उत्तर तासाभरात आलं. नो वरीज, त्याने लिहिलं होतं, तुम्ही पाहिलंत हेच पुष्कळ, शुक्रवारी माणसं येतील तेव्हा मी मुलीकडे असेन म्हणजे आवाज ऐकायला नको. बुधवारी मी खोली झाडली, कोणी न सांगता. बाहेर पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती आणि आकाशात पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरत होतं. ते घरावरून गेलं की मला वाटायचं, माझ्यासाठीच आलंय.

गुरुवारी शाळा संपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आत्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. ते काम तिला डोळ्यांशिवाय येत होतं. तव्यावरची भाकरी फुगल्याचा वास सुटला होता, शेजारी बोंबलाची चटणी वाटलेली होती. मी दारातच उभी राहून इंग्रजीत म्हणाले, "आय वाइप्ड देम."

"काय पुसलंस?"

"पानं. तू ओठाला लावणार म्हणून. वाइपवर पिवळं काहीतरी आलं होतं. आय थॉट इट वॉज डस्ट."

तिने भाकरी उलटली. "पाचही?"

"पाचही."

"कळी?"

"नाही. कळी नाही पुसली."

"म्हणजे कळी बरोबर सांगत होती," आत्या म्हणाली. तिने गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले, बोटं एकेक करून पुसली. मी ओरडा खायची वाट पाहत होते. "किती वाजले?" तिने विचारलं. चार वाजत आले होते. "कॉलिनला फोन लाव."

तो घरीच होता, बॅग भरत होता. त्याच्याकडे साधा घरचा फोन होता, चित्र दिसणारा नाही. आत्या तिच्या कॉलेजातल्या इंग्रजीत त्याला म्हणाली, माझ्याकडून चूक झाली आहे, पानं तपासताना खराब झाली होती, तुम्हाला आत्ता बाहेर जावं लागेल. खराब झाली होती, एवढंच म्हणाली. कोणी केली ते म्हणाली नाही. मग त्याला पाच पानं सांगितली, दोन फांदीच्या शेंड्याकडची, तीन त्याखालची, हात न फिरवता देठाला धरून आणायची. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, जाळीचं दार आपटलं, कुत्री भुंकली. त्याच्या घरातला रेडिओ चालू होता आणि घोड्यांच्या शर्यतीचा निकाल सांगत होता. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात उभ्या राहून तो सगळा निकाल ऐकला.

कॉलिन धापा टाकत परत आला. "आणली. आता?"

"आता मागची बाजू वरच्या ओठावरून फिरवा. हळू."

"मला मिशी आहे, डार्लिंग."

"मग खालच्या ओठाला लावा."

फोनमधून पानांची सळसळ ऐकू आली, एकामागून एक. "माझी कुत्री आहे ना," तो शेवटी म्हणाला, "तिच्या कानाची आतली बाजू. तसं लागतंय."

"पाचही पानांना?"

"सगळ्यांना. म्हाताऱ्या पानाला जरा कमी. बोटाने चोळलं की निघून येतंय, सोनेरी पावडर." मग तो हळू आवाजात म्हणाला, "तीस वर्षं मी याच्या सावलीत चहा पितोय, मेट. कधी उलटून पाहिलं नाही."

आत्या खुर्चीत बसली. तिने मला वही आणायला सांगितली आणि कुत्रीच्या कानाचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. मग नवं ईमेल सांगितलं, नव्या मालकाला दाखवता येईल असं, लॅटिन नावासकट. शुक्रवारी माणसं आली आणि कॉलिनने त्यांना कागद दाखवला. शेड सहा मीटर सरकली.

गुरुवारी रात्री जेवताना आत्याने मम्मीला सगळं सांगितलं, फारसं काही घडलं नाही अशा सुरात. मम्मीने हातातली भाकरी खाली ठेवली. "तिची चूक नाही ताई, मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. पुढच्या वेळी कॉलिनचं खोकं आलं तेव्हा ते तिने स्वतः गराजमधून उचलून आत्याच्या पलंगाखाली नेऊन ठेवलं. "तीन दिवस असंच राहू दे. मग कुठे लावायचं तिथे लावा."

मला आत्या एवढंच म्हणाली, तेही दोन दिवसांनी, शिरा मोजता मोजता. "पुसलंस त्याचं मला काही नाही. माझ्यासाठीच पुसलंस. पण सोमवार ते गुरुवार ते झाड तुझ्या एकटीच्या भरवशावर उभं होतं. एवढं वजन एकटीने धरायचं नसतं, बाय."

बंदी उठली तेव्हा तिकडे जायचं आम्ही ठरवलं होतं. पप्पांनी गाडीत तिच्या पाठीसाठी उशीसुद्धा ठेवली होती. डोळ्यांच्या ऑपरेशनचीही तारीख आली होती. त्या दोन्हींच्या आधी, एका सकाळी, चहाचा कप चाचपताना आत्याचा हात मध्येच थांबला. तीन दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. वसईच्या दफनभूमीत आजी-आजोबांशेजारी तिची जागा ठरलेली होती, पण तिला इथेच ठेवावं लागलं. कपाटाशेजारची बॅग मी पुढे बरीच वर्षं रिकामी केली नाही.

त्या झाडाखाली मी पुढे गेले, एकटी. त्याच्या कलमांची रोपं आता दोन बागांत आहेत. ओळखतक्ता तिच्या मृत्यूनंतर वर्षभराने निघाला, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, तिचं नाव पहिलं. त्यात माझा उल्लेख कुठे नाही. फक्त सुरुवातीला, ताजी पानं कशी तपासावीत याच्या सूचनांमध्ये, तिने शेवटच्या महिन्यात घातलेलं एक वाक्य आहे. ते मला तिने सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कोणाकडून तरी, बहुधा पप्पांकडून, टाइप करून घेतलं असावं. मराठीत ते असं होईल: लव तपासण्यापूर्वी पान पुसू नये, पुसले गेले असल्यास तसे लगेच सांगावे, दुसरे पान मिळू शकते.